कागदावरचं गटार आणि वसुलीचा रस्ता

आमच्या ग्रामपंचायतीच्या खात्यातून गेलेल्या पैशाची वसुली लागावी म्हणून गेली काही वर्षं मी कागदांच्या मागे आहे. बाहेरगावचे नातेवाईक भेटले की विचारतात, "तुमच्या सरपंच गेल्या ना? मग अजून काय चालू आहे?" सरपंचांचं पद गेलं, हे खरं. पण आमची मागणी ती नव्हतीच. खालच्या आळीतलं जे गटार कागदावर आहे आणि जमिनीवर नाही, त्याचे पैसे पंचायतीत परत जमा व्हावेत, एवढंच आम्ही मागत होतो. पदावरून काढण्याचं कलम वेगळं, पैसे वसूल करण्याचं वेगळं, आणि दोन्ही कामं वेगवेगळ्या टेबलांवर चालतात. आमच्यासारख्या दुसऱ्या गावांना उपयोग व्हावा म्हणून जे घडलं ते लिहिते आहे. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाही.

मी आमच्या बचत गटाची सचिव. गटाची रोकडवही, कर्जखातं, बैठकीचं इतिवृत्त सगळं माझ्या हातचं. आमच्यात दहा रुपयांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत बैठक उठत नाही. त्यामुळे धाकटीने एकदा मोबाईलवर ई-ग्रामस्वराज पोर्टलवरचा आमच्या पंचायतीचा खर्च उघडून दाखवला, तेव्हा मी तो वहीसारखाच वाचत बसले. त्यात पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून 'बंदिस्त गटार, खालची आळी' या कामाचे ४ लाख ९५ हजार रुपये अदा झाल्याचं दिसत होतं. खालच्या आळीत आमच्या गटातल्या निम्म्या बायका राहतात. गटार देवळापासून सुरू होऊन पिठाच्या गिरणीपाशी संपतं आणि पुढे सांडपाणी उघड्यावरच वाहतं, हे आम्हाला रोजचं ठाऊक होतं.

वित्त आयोगाच्या पैशाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण गावात बऱ्याच जणांना वाटतं की हा निधी आमदार-खासदार देतात. तसं नाही. १९९३ मध्ये लागू झालेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतींना घटनेचाच आधार आहे, आणि केंद्रीय वित्त आयोगाचा वाटा हा गावाचा हक्काचा पैसा आहे. पंधराव्या आयोगात महाराष्ट्रातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला आणि १० - १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला ठरला. २०२१ पासून त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे फक्त पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. ४० टक्के अबंधित. आमचं गटार बंधितमधलं. पैसे सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डिजिटल स्वाक्षरीशिवाय निघत नाहीत; ही स्वाक्षरी संगणकाला लावायच्या एका छोट्या किल्लीत असते, तिला डोंगल म्हणतात. ही दोन स्वाक्षऱ्यांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं तिथेच येऊन अडतं.

पहिला प्रश्न मी महिला सभेत विचारला. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. आमच्याकडे ती रजिस्टरवर सह्या घेऊन उरकायची पद्धत होती. त्या दिवशी आम्ही बसूनच राहिलो. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "ताई, ऑडिट झालेलं आहे. काही शंका असेल तर लेखी द्या." दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत मी लेखी दिलं आणि प्रश्न इतिवृत्तात घ्या म्हणून आग्रह धरला. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे ती आठवडाभरात थोडक्या माणसांत झाली आणि विषय निघालाच नाही. पण माझ्या अर्जाची पोच माझ्याकडे होती. पुढे चौकशीत ती पोच पहिल्या पानावर लागली. तोंडी विचारलेल्या प्रश्नाला सरकारदरबारी काही किंमत नाही. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय कुणीही दाराबाहेर पडू नये.

मग माहितीचा अधिकार. २००५ चा कायदा आता सगळ्यांना ऐकून माहीत आहे, पण अर्ज कसा लिहावा यावर सगळं अवलंबून असतं. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये करायचा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवायचा. 'गटाराच्या कामात भ्रष्टाचार झाला का' असं विचारलं तर उत्तर मिळत नाही, कारण ती माहिती नव्हे, मत आहे. कागद मागायचा, आणि कागदाचं नाव घेऊन मागायचा. मी मागितलं: या कामाचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, मासिक सभेचा ठराव, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, काम पूर्णत्वाचा दाखला, देयक, आणि त्या वर्षाची नमुना ५ ची रोकडवही. ही नावं मला तालुक्याच्या एका निवृत्त लेखा लिपिकांनी सांगितली. अशी माणसं प्रत्येक तालुक्यात असतात आणि बहुधा त्यांना कुणी विचारायला जात नाही.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही. कलम १९ प्रमाणे पहिलं अपील पंचायत समितीत केलं. सुनावणीत भाऊसाहेबांचं म्हणणं होतं की माहिती विस्तृत आहे. अपिलीय अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "ताई, एवढ्या कागदांचं काय करणार?" मी म्हटलं, "साहेब, वाचणार." ते हसले नाहीत. त्यांनी आदेशात लिहिलं की अभिलेखाचं अवलोकन करू द्यावं, आणि मुदत टळलेली असल्याने प्रती विनामूल्य द्याव्यात. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७ मध्येच तशी तरतूद आहे. आदेश वेळेत आला नसता तर मुंबई-पुण्याला माहिती आयोगाकडे दुसऱ्या अपिलाला जावं लागलं असतं आणि तिथे प्रकरणांची रांग मोठी असते. शिवाय २०१८ च्या नोव्हेंबरातला शासन निर्णय आहे की स्थानिक कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत. आमच्या पंचायतीत तो कुणाला माहीत नव्हता. आम्ही त्याची प्रत नेऊन दिली आणि तेव्हापासून सोमवारी जातो.

अवलोकनाला मी, गटाच्या अध्यक्षा आणि गावातला एक आयटीआय झालेला मुलगा असे बसलो. गटाराची फाईल जाड आणि नीटनेटकी होती, तिच्यात वरवर काही खोट दिसेना. मी आधी प्रमाणकांची फाईल घेतली. प्रमाणक म्हणजे खर्चाची पावती, बिल. टीसीएल पावडर (पिण्याच्या पाण्यात टाकायची जंतुनाशक), एलईडी दिवे, हातपंपाचं सामान, असली किरकोळ बिलं. टीसीएलचं एक बिल जूनमधलं, त्याचा छापील क्रमांक ४१. दुसरं बिल त्याच दुकानाचं, नोव्हेंबरमधलं, क्रमांक ४२. दिव्यांचं बिल पुढच्या फेब्रुवारीतलं, क्रमांक ४३. जून ते फेब्रुवारी या नऊ महिन्यांत त्या दुकानाने आमच्या पंचायतीशिवाय दुसऱ्या कुणालाही एक बिल फाडलं नव्हतं. तिन्ही बिलांवरचं अक्षर एक, शाईसुद्धा एक, आणि कार्बन ठेवल्यावर उमटतो तसा ४१ वरच्या रकमेचा पुसट वळ ४२ वर उमटलेला. मी पान तिरकं धरून उजेडात अध्यक्षांना दाखवलं. त्या म्हणाल्या, "एका बैठकीत लिहिलीत गं ही." साठा नोंदवही मागितली तर त्यात टीसीएलची आवक नाही, दिव्यांचीही नाही. ही सगळी मिळून रक्कम ६८ हजार ४०० निघाली.

मग गटार. मोजमाप पुस्तिकेत शाखा अभियंत्याच्या सहीने लांबी १६५ मीटर. पुस्तिकेत साखळी क्रमांक दिले होते, कुठून कुठवर ते स्पष्ट होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही गवंड्याचा टेप आणला. देवळाच्या पायरीपासून गिरणीच्या भिंतीपर्यंत १०४ मीटर भरलं. आळीतल्या बायका टेपचं टोक धरायला बाहेर आल्या, एकीने आकडे चुलीच्या कोळशाने भिंतीवर लिहिले. फरक ६१ मीटरचा. कामाचा दर मीटरला ३ हजार पडत होता, म्हणजे १ लाख ८३ हजार रुपये जमिनीवर नव्हतेच. बिलांची रक्कम धरून एकूण २ लाख ५१ हजार ४००.

पुढच्या महिला सभेत आम्ही ही बिलं मोठ्याने वाचली. ही कल्पना आमची नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातल्या कोटकिरान्यात पहिली जनसुनवाई घेतली, तेव्हा हजेरीपटावरची नावं लोकांसमोर वाचली होती, आणि ज्यांच्या नावे मजुरी निघाली ते उभे राहून सांगत होते की आम्ही त्या कामावर गेलोच नाही. माहितीच्या अधिकाराच्या चळवळीला तिथून जोर आला. बचत गटांसाठीच्या 'उमेद' या सरकारी अभियानाच्या एका प्रशिक्षणात मी हे ऐकलं होतं. आमच्या सभेत बिल वाचलं की मी विचारायची, "या महिन्यात विहिरीत पावडर पडली का?" पाणी सोडणाऱ्या शिपायाची बायको समोर बसलेली. ती म्हणाली, "एकदा पडली, ती शाळेतनं उसनी आणली हुती." हे वाक्य इतिवृत्तात जसंच्या तसं घेतलं.

इथून प्रकरण तापलं. विरोधी गटाचे लोक, जे तोवर लांबून पाहत होते, ते घरी आले. त्यांचा सल्ला सरळ होता. सरपंचांच्या सासऱ्यांचा ओटा रस्त्याच्या जागेत येतो, ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ खाली अतिक्रमणाचा अर्ज कलेक्टरांकडे टाकू, मोजणी झाली की सदस्यत्व जातंय. "वहिनी, पैशाचं सिद्ध करत बसाल तर म्हातारं व्हाल. हे लवकर होतंय." त्यांचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. आमच्या भागात सरपंच खाली खेचायचा असेल तर लोक अतिक्रमण, घरपट्टीची थकबाकी, तिसरं अपत्य, जातपडताळणी यांवरच जातात, कारण एका कागदात निकाल लागतो. अविश्वास ठरावाचाही विषय निघाला, पण थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचांवर तो आणणं फार अवघड आहे.

मी नाही म्हटलं. ओटा पाडला तर गटाराचे पैसे परत येत नाहीत. उलट नवा सरपंच बसतो, जुना हिशेब कपाटात जातो, आणि दोन्ही बाजूंना ते सोयीचं असतं. मला तर तेव्हा असं दिसलं की गावातल्या तक्रारी बऱ्याचदा इथेच विकल्या जातात. त्या लोकांना राग आला, आणि नंतर चौकशीच्या दिवशी त्यांच्यातलं कुणी साक्षीला आलं नाही.

आमच्या अर्जात आम्ही दोन मागण्या वेगवेगळ्या लिहिल्या. एक, त्याच अधिनियमाच्या कलम ३९ खाली चौकशी. सरपंच, उपसरपंच किंवा सदस्य गैरवर्तणुकीबद्दल किंवा कर्तव्यात कसूर केल्याबद्दल दोषी ठरले तर त्यांना पदावरून काढण्याचा अधिकार विभागीय आयुक्तांना आहे. त्याआधी जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी नोटीस देऊन चौकशी करतात आणि अहवाल पाठवतात. राजीनामा दिला म्हणून सुटका होत नाही, तशी सोय त्याच कलमात आहे. दोन, कलम १७८ खाली वसुली. पंचायतीच्या पैशाची हानी किंवा गैरवापर ज्यांच्या सहभागाने अथवा हयगयीने झाला, ते त्याला जातीने जबाबदार असतात, असं ते कलम म्हणतं. म्हणजे स्वतःच्या खिशातून. आणि तिसरा धागा लेखापरीक्षणाचा. पंचायतींचं ऑडिट स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो, त्यांचा स्वतःचा १९३० चा कायदा आहे, आणि त्यात बेकायदेशीर खर्चाचा भार संबंधितावर टाकता येतो. आम्ही त्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल मिळवला. 'ऑडिट झालेलं आहे' हे भाऊसाहेबांचं म्हणणं खरं होतं. त्याच अहवालात आक्षेप होता की साठा नोंदवहीत नोंद न घेता साहित्याचं देयक अदा केलं, रक्कम वसूलपात्र. त्या आक्षेपाचं अनुपालन झालेलं नव्हतं.

हा परिच्छेद आम्हाला सापडला तेव्हा मला सगळ्यात जास्त बळ आलं. आम्ही काही नवीन आरोप करत नव्हतो. शासनाच्याच माणसाने, आम्ही तोंड उघडण्याआधी, सही करून लिहून ठेवलेलं होतं. अहवाल ग्रामसभेपुढे वाचायचा असतो. आमच्या सभेत तो 'वाचून कायम' असा इतिवृत्तात होता, पण प्रत्यक्षात कुणी वाचला नव्हता. तुमच्या गावाचा अहवाल मागवा. त्यात आक्षेप नसेल असं मला तरी वाटत नाही.

चौकशीला दुसऱ्या तालुक्यातले उपअभियंता आले. त्यांनी आमचा भिंतीवरचा आकडा पाहिला आणि स्वतःचा टेप काढला. सरपंचांच्या बाजूने कुणीतरी म्हणालं की उरलेलं गटार मातीखाली गाडलं गेलं आहे. उपअभियंता शांतपणे म्हणाले, "दाखवा, खोदू." गिरणीच्या पुढे दोन ठिकाणी खोदलं. मुरूम लागला, खाली काळी माती. काँक्रीटचा तुकडा नाही. त्यांनी स्थळ पंचनामा जागेवरच लिहिला, पंचांच्या सह्या घेतल्या. मी सही करायच्या आधी सगळा वाचला आणि 'अंदाजे' असा एक शब्द होता तो काढायला लावला, कारण टेपने मोजलेलं अंदाजे नसतं.

सदस्यांचे जबाब झाले तेव्हा वेगळीच गोष्ट पुढे आली. मासिक सभेच्या ठरावावर सातही सदस्यांच्या सह्या होत्या. त्यातले तिघे म्हणाले की आम्ही हजेरीची सही केली, ठराव नंतर लिहिला गेला. त्या तिघांतल्या दोन महिला सदस्यांच्या घरी रजिस्टर पाठवून सह्या आणल्या होत्या. चौकशी अधिकाऱ्यांनी त्यांना सांगितलं की रिकाम्या पानावर सही केली असेल तरी सही तुमचीच आहे. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिची दया आली, पण अधिकारी बरोबर बोलत होते.

आणि मग सरपंच. त्या आमच्याच आळीतल्या, माझ्या पुतणीच्या वयाच्या. महिला राखीव जागा निघाली म्हणून घरच्यांनी उभं केलं, आणि कारभार त्यांचे मालक पाहायचे. चौकशीनंतर एका संध्याकाळी ती एकटी घरी आली. ओसरीवर बसली, पाणी घेतलं नाही.

"काकी, मला एवढंच सांगा, माझ्यावर किती येतील?"

"निम्मे यायचे. निम्मे भाऊसाहेबांवर."

"मी त्या बिलाला हात पण लावला नाही. डोंगल ह्यांच्या खिशात असायचा. नाहीतर त्या कॉम्प्युटर ऑपरेटरकडे."

"पासवर्ड कुणाला माहीत होता?"

"मला विचारलाच नाही कुणी कधी."

"हे तू जबाबात सांगितलंस का?"

ती गप्प राहिली. मग म्हणाली, "सांगितलं तर मी घरी कुठं जाऊ?"

यावर मी तिला काय बोलणार होते? मी तिला एवढंच म्हटलं की तुझा जबाब पुरवणी म्हणून अजून देता येतो, मी बरोबर येते, वकीलही बघू. ती आली नाही. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा महिलांना आहेत, आणि ते झालं याचा मला मनापासून आनंद आहे. पण सही बाईची आणि सत्ता दुसऱ्याची असं जिथे चालतं तिथे कायद्याचा हात सहीपाशी येऊन थांबतो. पैसे ज्याने उचलले तो सहीत नसतो. तो चौकशीच्या दिवशी बाहेर झाडाखाली गाडीला टेकून उभा होता, हे मी पाहिलं आहे.

अहवालात दोन्ही ठपके सिद्ध झाले. आयुक्तांनी कलम ३९ खाली पद रद्द केलं. शासनाकडे अपील झालं, त्यात मुदत जवळ आली आणि पंचायतीची निवडणूकच लागली, त्यामुळे पदाचा प्रश्न तिथे संपला. भाऊसाहेब जिल्हा परिषदेचे कर्मचारी, त्यांच्यावर १९६४ च्या शिस्त व अपील नियमांखाली विभागीय चौकशी बसली, त्यांची बदली झाली. गावात त्या दिवशी काही जणांनी गुलाल उधळला. मी गेले नाही, कारण वसुलीचा आदेश तोवर आलेला नव्हता.

तो आला तेव्हा त्यात लिहिलं होतं: सरपंच आणि ग्रामसेवक यांच्याकडून समप्रमाणात, प्रत्येकी १ लाख २५ हजार ७००. ग्रामसेवकांची रक्कम पगारातून हप्त्याने कपात होऊ लागली. नमुना ५ मध्ये जमेच्या बाजूला पहिला हप्ता चढला त्या सोमवारी आम्ही सगळ्याजणी पंचायतीत जाऊन ती नोंद पाहून आलो. नव्या ग्रामसेवकांना, आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, आधी काही कळेना की एवढ्या बायका एका ओळीसाठी का आल्यात. कारण सांगितल्यावर त्यांनी त्या नोंदीची प्रत काढून दिली, आणि ती आता गटाच्या वहीत चिकटवली आहे.

सरपंचांचा हिस्सा मात्र अडकला. रक्कम भरली नाही, म्हणून जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करावी असं पत्र तहसीलदारांकडे गेलं. अशा वेळी थकबाकीदाराच्या सातबाऱ्यावर बोजा चढवतात. पण तिच्या नावे सातबाराच नाही. तीन एकर बागायत आहे ती सासऱ्यांच्या आणि मालकांच्या नावे. तलाठ्यांनी 'नावे स्थावर मिळकत आढळत नाही' असा शेरा मारून कागद परत पाठवला. एक डिजिटल सही वापरून नवऱ्याने पैसे काढले, आणि वसुलीला आल्यावर तो कायद्याच्या दृष्टीने या प्रकरणात कुणीच नाही. तिचे दागिने किंवा घरातली भांडी जप्त व्हावीत असं मला अजिबात वाटत नाही, आणि मी तसं लेखीही दिलं आहे.

म्हणून आता आमचे दोन अर्ज चालू आहेत. पहिला जिल्हा परिषदेकडे: मोजमाप पुस्तिकेत १६५ मीटर लिहिणारा अभियंता वसुलीतून का वगळला? त्याने जागेवर टेप लावला असता तर देयक निघालंच नसतं. हयगय कुणाची सगळ्यात मोठी, तर त्याची, असं माझं मत आहे. त्या अभियंत्याला कारणे दाखवा नोटीस निघाली असल्याचं आम्हाला लेखी कळवलं आहे. ज्या चार सदस्यांनी सभेत बसून, डोळ्यांदेखत ठराव मंजूर केला त्यांच्याही जबाबदारीचा विचार व्हावा असं त्याच अर्जात म्हटलं आहे. हजेरीची सही करून फसलेल्या तिघांबद्दल आम्ही वेगळं मांडलं आहे.

दुसरा अर्ज पोलिसांकडे. ठेकेदाराच्या खात्यात जमा झालेली रक्कम पुढे कुणाच्या खात्यात गेली हे फक्त गुन्ह्याच्या तपासात निघू शकतं, माहितीच्या अधिकारात बँकेचा खासगी उतारा मिळत नाही. गटविकास अधिकाऱ्यांनी फिर्याद द्यायची की आम्ही, यावर कागद इकडून तिकडे फिरतो आहे. चौकशी अहवालात 'अनियमितता' लिहिलं आहे, 'अपहार' नाही, आणि फिर्याद देताना सगळे त्यावर बोट ठेवतात. खोटी बिलं एका बैठकीत लिहिली गेली हे मूळ प्रमाणकांवरून सिद्ध होतं, म्हणून ती प्रमाणकं तज्ज्ञांकडे तपासायला पाठवा आणि तोवर मूळ फाईल पंचायत समितीच्या ताब्यात सील करून ठेवा, अशी आमची मागणी होती. ती मान्य झाली. फाईल सील झाली तेव्हा ४१, ४२ आणि ४३ ही तिन्ही बिलं आत आहेत याची यादी करून माझी आणि अध्यक्षांची सही घेतली.

गिरणीपुढचं गटार नव्या आराखड्यात धरलं आहे. या वेळी अंदाजपत्रकाची प्रत काम सुरू होण्याआधी आळीत लावायची, कामाच्या फलकावर लांबी आणि रक्कम लिहायची, आणि मोजमाप घेताना आळीतल्या दोन बायका हजर असल्याशिवाय देयक मासिक सभेत ठेवायचं नाही, असा ठराव ग्रामसभेने केला आहे. नव्या सरपंचही महिलाच आहेत. त्यांचा डोंगल त्यांच्याच पर्समध्ये असतो, पासवर्ड त्यांनी स्वतः टाकून बदलला, आणि तो कसा टाकायचा हे त्यांना माझ्या धाकटीने शिकवलं.